खळग्यातली पाहुणी

आमच्या मंडळाचं खरं नाव इतकं लांब आहे, की ते उच्चारून होईपर्यंत भरती संपून ओहोटी लागते. म्हणून सगळे त्याला झुडूप मंडळ म्हणतात. काम सांगायला सोपं. वस्ती आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्या आहेत, आणि त्यांच्यावर बुटकी, खरखरीत, कुणाच्या डोळ्यांत न भरणारी झुडपं आहेत. ती जगवायची. ती वाळू धरून ठेवतात. ती गेली की वाळू उडून आमच्या खिडक्यांत येणार, आणि वाळूचा माग काढत समुद्र.

या झुडपांना आम्ही ‘घरची’ म्हणतो. त्यांच्या मुळावर उठलेलं एक झाड आहे. त्याला ‘पाहुणी’ म्हणतो, कारण ते आलं आणि परत जायचं नाव काढत नाही. मऊ पानं, पिवळी फुलं, दिसायला लाघवी. एक पाहुणी रुजली की दोन वर्षांत आसपासच्या घरच्यांना ऊन मिळेनासं होतं, आणि बिचारी तक्रार न करता वाळून जातात. दर रविवारी सकाळी आम्ही टोप्या घालून पाहुण्यांना हाकलायला जातो.

मंडळाचे प्रमुख माझे बाबा. आणि मंडळाच्या हद्दीतली सगळ्यात मोठी, सगळ्यात फोफावलेली पाहुणी लावली कुणी, तर तीही माझ्या बाबांनी. हे दोघांनाच माहीत होतं. दुसरा मी. खड्ड्यापर्यंत कुंडीची एक बाजू मीच धरून नेली होती.

बाबा आयुष्यभर वजनमाप निरीक्षक. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा त्यांना दुकानाच्या पायरीवरूनच कळायचा. दुकानदारांनी देऊ केलेलं साधं पेन त्यांनी कधी घेतलं नाही. घरातही पाव किलो म्हणजे पाव किलो. आई म्हणायची, “यांच्या तोंडून कौतुकसुद्धा मापात निघतं. सांडलं तर परत भरून ठेवतील.”

ते झाड आईनं हातगाडीवाल्याकडून घेतलं होतं. तिच्या हातची झाडं जगत नसत. टणक निवडुंगसुद्धा तिच्याकडे आठवडाभरात मान टाकायचा. हातगाडीवाला म्हणाला, “घेऊन जा ताई, ही काही केल्या मरत नाही.” त्यानं शब्द पाळला. पाणी विसरलं, ऊन लागलं, गॅलरी रंगवताना अंगावर ऑइलपेंट सांडला, तरी ती बहरत राहिली. आई तिच्याशी बोलायची, म्हणजे तिला बोलायची. “जरा शिस्तीत वाढ. हे काय अस्ताव्यस्त!” मग आई आजारी पडली आणि गेली. हातगाडीवाल्यानं आईबद्दल काही हमी दिली नव्हती.

आई गेल्यावर बाबांनी कुंडीला इतकं पाणी घालायला सुरुवात केली, की खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर मातीचा नकाशा उमटला. त्या वर येऊन भांडल्या. बाबांनी ऐकून घेतलं. मुळांमुळे कुंडीला तडा गेलाच होता. एका सकाळी बाबा मला म्हणाले, “धर एका बाजूनं.”

टेकड्यांच्या मध्ये एक खळगा आहे. तिथं वारा लागत नाही. संध्याकाळी आई-बाबा तिथं बसायचे, कारण तिथं आईचा पेपर उडत नसे आणि बाबांना त्याच्यामागं धावावं लागत नसे. तिथं आम्ही कुंडी फोडली आणि झाड लावलं. कुंडीचे तुकडे बाबांनी बुंध्याभोवती गोल मांडले. मग ते रोज कॅन भरून पाणी न्यायला लागले.

आत्याला वाटलं, बाबांचं बाहेर काहीतरी चालू आहे. तिनं मला फोन करून विचारलं, “दादा रोज संध्याकाळी भांग पाडून जातो कुठं?”

“समुद्रावर.”

“एकटा?”

“जाताना एकटेच असतात.”

“आणि येताना?”

“येतानाही. पण उशिरा येतात.”

आत्यानं ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. मलाही खोटं काही सांगायचं नव्हतं.

मंडळात बाबा कसे आले, तर चुकून. मंडळ तेव्हा नवीन होतं. ते स्थापन केलेल्या निवृत्त नर्सबाई, ज्यांना सगळे सिस्टर म्हणतात, एका संध्याकाळी टेकडीवरून चालल्या होत्या. त्यांना एक म्हातारा कॅन घेऊन झुडपांत शिरताना दिसला. त्यांना वाटलं, हा आपलाच स्वयंसेवक, रोपांना पाणी घालतोय. त्यांना भरून आलं. म्हणाल्या, “अहो, इतकी तळमळ! आणि टोपी नाही? ही घ्या.” ज्या माणसानं जन्मात फुकट पेन घेतलं नाही, त्यानं टोपी घेतली. नाही म्हणायचं तर पाणी कुठं चाललंय ते सांगावं लागलं असतं.

पहिल्याच रविवारी सिस्टरनी सगळ्यांना वाळूत बसवून घरच्यांची आणि पाहुणीची चित्रं दाखवली. पाहुणीचं चित्र बाबांच्या नाकासमोर धरून विचारलं, “हिला ओळखता का?”

बाबा म्हणाले, “पाहिल्यासारखी वाटते.”

त्या दिवशी घरी आल्यावर ते चहा करायला लागले. चहाची पूड चमच्यानं मोजून टाकली, परत काढली, परत मोजली. दुसऱ्या रविवारी सगळ्यांच्या आधी हजर. तिसऱ्या रविवारी स्वतःची करवत घेऊन. सिस्टरनी लवकरच मंडळ त्यांच्या हातात देऊन टाकलं, कारण पाहुणीवर इतका तुटून पडणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. पाहुणीचं बोटभर रोपटं दहा पावलांवरून ते ओळखायचे. मेणाचा गोळा ओळखायची सवय.

मी एकदा स्वयंपाकघरात विषय काढला. “बाबा, रविवारी आपण जी उपटतो त्यातली बरीचशी हिचीच पिलावळ आहे.”

“माहीत आहे.”

“मग?”

“म्हणून तर उपटतो.”

“आणि ती स्वतः?”

बाबांनी डब्याचं झाकण लावलं. “ती फुकट राहत नाही तिथं. ती जेवढी सांडते, त्याहून जास्त मी वेचतो. पारडं माझ्याकडे आहे.”

“काटा कोण बघतंय?”

“मी,” बाबा म्हणाले. “मी कधी चुकीचा काटा बघितलाय?”

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. माणसाला किती नंबरचं दिसत नाही, तेवढं मला सांगता येतं. का दिसत नाही, हे आमच्या दुकानात बघत नाहीत.

आता मंडळाची कामाची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं त्या रीतीमुळे झालं. नवख्या माणसाला वाटतं, जिथं पाहुण्या सगळ्यात जास्त तिथं आधी घुसावं. तसं करायचं नसतं. जिथं घरची झुडपं धडधाकट आहेत तिथून सुरुवात करायची, आणि थोडं थोडं वाईटाकडे सरकायचं. म्हणजे मोकळ्या झालेल्या जागेत घरची आपोआप पाय पसरतात. सगळ्यात वाईट जागा सगळ्यात शेवटी. आणि पाहुणी मोठी असली तर दोघांनी मिळून काढायची. एकानं कापायचं आणि दुसऱ्यानं कापल्या खुंटावर लगेच ब्रशनं निळं औषध लावायचं. कापणाऱ्याचा श्वास सुटायच्या आत. उशीर झाला तर खुंट तोंड मिटून घेतो, औषध आत जात नाही, आणि पाहुणी दुप्पट जोमानं फुटते. औषधात निळा रंग एवढ्यासाठी, की कुठल्या खुंटाला लावलं ते दिसावं. आम्हा सगळ्यांची नखं कायम निळी. एकदा दुकानात एका गिऱ्हाइकानं माझी बोटं बघून मलाच डॉक्टरकडे जायला सांगितलं होतं.

‘चांगल्याकडून वाईटाकडे.’ ही रीत बाबांना फार आवडली. खळगा सगळ्यात वाईट जागा. म्हणजे सगळ्यात शेवटी. बाबांना वाटलं, शेवट कुठं येतोय? टेकड्या एवढ्या मोठ्या, मंडळ एवढं छोटं, त्यातले निम्मे फक्त चहा-बिस्किटाला येणारे. पण बाबा प्रमुख झाल्यावर मंडळ सुतासारखं सरळ झालं. लोक वेळेवर यायला लागले. टेकडीमागून टेकडी साफ झाली. घरची झुडपं इतकी दाट झाली, की मधून चालताना पँट फाटायची. बाबांच्या हाताखालच्या लोकांना कामचुकारपणा जमेना, आणि बाबांना तो शिकवता येईना. पाच वर्षांत सगळं चांगलं संपलं. उरला फक्त खळगा.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते दातवाल्याच्या. दातवाला म्हणजे आमचे डेंटिस्ट. रोपटं ते दाढेसारखं चिमटीत धरतात, दोन्ही बाजूंना हलवतात, आणि मुळासकट निघालं की उजेडाकडे धरून बघतात. त्यांनी टेकड्यांचं मोठं चित्र काढलं आणि जिथं जिथं पाहुणीची पिल्लं सापडली तिथं ठिपके दिले. ठिपके खळग्याभोवती गोल जमले होते.

“कीड इथं आहे,” दातवाला खळग्यावर बोट ठेवून म्हणाले. “आत कुठंतरी एक मोठी बसली आहे. ती काढली की सगळं शांत.”

सिस्टर बाबांकडे वळल्या. “मग येत्या रविवारी खळगा घ्यायचा?”

बाबा म्हणाले, “तिथं साप आहे.”

बाबांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खोटं. निदान मी ऐकलेलं. सरावाचा अभाव असल्यामुळे ते त्यांना मापात सांगता आलं नाही. सिस्टरनी विचारलं, “केवढा?” बाबांनी दोन्ही हात पसरले, आणि पुरले नाहीत म्हणून माझ्याकडे बघितलं. मीही माझा एक हात पसरला.

मंडळानं खळगा पुढं ढकलला. पुढच्या रविवारी कुणीतरी खळग्याच्या वाटेवर ‘साप आहे’ अशी पाटी लावली. त्याच्या पुढच्या रविवारी दातवाल्यांना साप दिसला. काळा, जाड, उन्हात पडलेला. त्यांच्या डोळ्यांचा नंबर मीच काढलेला आहे. त्या अंतरावरून त्यांना बैलगाडीही साप दिसली असती. मग चहा-बिस्किटवाल्यांपैकी दोघांना दिसला. एकाला फणा दिसला. लोक नातेवाइकांना घेऊन पाटीपर्यंत यायला लागले. बाबा रोज संध्याकाळी त्याच पाटीपासून वळून खळग्यात जायचे, आणि मंडळात त्यांच्या धाडसाचे गोडवे गायले जायचे.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, “सापाचं बरं चाललंय.”

“चांगला साप आहे,” मी म्हणालो.

बाबा हसले. आई गेल्यापासून ते दोनदा हसले, त्यातलं हे एक. दुसरं मला आता आठवत नाही, पण दोन असावीत.

सिस्टर मात्र नर्स. आयुष्यभर लोकांना ‘काही होत नाही, हात पुढं करा’ म्हणत आलेल्या. त्यांनी सर्पमित्र बोलावला. बारीक, झोपाळू, एक काठी आणि एक पिशवी. बाबा निर्धास्त होते. नसलेला साप पकडायला कुणीही आलं तरी त्यांची हरकत नव्हती. सर्पमित्र रिकाम्या हातानं परत येईल, साप धूर्त ठरेल, आणि अजून एखादं वर्ष निघेल.

सर्पमित्र पाटी ओलांडून आत गेला. आम्ही टेकडीवर थांबलो. चहा पिऊन होतो न होतो तोच तो परत आला. पिशवी हलत होती.

“होता,” तो म्हणाला. “फार मोठा नाही. गरीब आहे. लांब सोडून देतो.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दातवाले म्हणाले, “मी सांगत नव्हतो?” बाबा त्या पिशवीकडे बघत राहिले. आयुष्यात एकदा खोटं बोलले, आणि तेही खरं निघालं. ज्याचं मापच पक्कं, त्यानं लबाडी करायची तरी कशी?

पिशवीची गाठ घट्ट करताना सर्पमित्र सहज म्हणाला, “आत मस्त जागा आहे हो. कुणीतरी बसायची सोय केली आहे.”

रविवारी आकाश राखेसारखं होतं, आणि समुद्राचा आवाज दबल्यासारखा येत होता. बाबांनी नेहमीपेक्षा लवकर उठून करवतीला धार लावली होती. आम्ही खळग्याकडे निघालो तेव्हा मी हळूच म्हणालो, “बाबा, ताप आला म्हणून सांगू का?”

“कुणाला आलाय?”

“मला आणू शकतो.”

“औषधाची बाटली घेतलीस का?” बाबा म्हणाले.

पाटीपासून पुढं बाबाच वाट दाखवत होते. कुठं वाकायचं, कुठली फांदी बाजूला करायची, पाय कुठं ठेवायचा, सगळं त्यांच्या अंगवळणी होतं. ते कुणाच्या लक्षात आलं असेल तर सिस्टरच्या. त्या बाबांच्या मागं होत्या.

आणि मग खळगा. मधोमध ती उभी. बाबांच्याही डोक्याच्या वर गेलेली, भरगच्च बहरलेली. एवढी पिवळी, की त्या राखाडी सकाळी डोळे चोळावेसे वाटले. बुंध्याभोवती कुंडीचे तुकडे गोल मांडलेले. शेजारी एक उलटा घातलेला क्रेट, त्यावर घडी घातलेलं पोतं. पाण्याचा कॅन. एक जुना पेपर, त्यावर दगड ठेवलेला. वारा नसताना.

दातवाल्यांचा आवाज चढला. “हे कुणीतरी मुद्दाम लावलंय! पाणी घालतोय हरामखोर! पाच वर्षं आपण इथं कंबरडी मोडतोय आणि हा इथं आरामात बसून... सापडू दे मला. एक दात ठेवणार नाही.”

कुणीतरी म्हणालं, “पोलिसात देऊ.” कुणीतरी फोटो काढायला मोबाईल काढला. मी कुंडीच्या एका तुकड्याकडे बघत होतो. त्यावर गॅलरीच्या हिरव्या ऑइलपेंटचा ओघळ होता. आई तेव्हा म्हणाली होती, बरं झालं, कुंडीपण रंगवून झाली.

सिस्टर क्रेटकडे बघत होत्या, मग कॅनकडे. कॅन त्यांनी पूर्वी पाहिला होता. बाबांच्या डोक्यावरच्या टोपीकडे त्यांची नजर गेली आणि तिथंच थांबली.

“तुम्ही बसा,” त्या बाबांना म्हणाल्या. इंजेक्शन देऊन झाल्यावर बोलतात तशा आवाजात. “थकलात. डॉक्टर कापतील.”

“नको,” बाबा म्हणाले. “माझ्या हातची आहे. माझ्याच हातानं जाऊ दे.”

हे त्यांनी हळू म्हटलं, पण खळग्यात वारा नाही. सगळ्यांना ऐकू गेलं. दातवाले एकदम स्वतःचे हातमोजे तपासायला लागले, जणू बोटं कमी भरत होती. मोबाईलवाल्यानं मोबाईल खिशात ठेवला. कुणी काही विचारलं नाही. मला वाटतं, विचारलं असतं तर बरं झालं असतं. बाबा पाच वर्षं पकडले जायची तयारी करून बसले होते, आणि आता कुणी पकडतच नव्हतं.

बाबा गुडघ्यांवर बसले. तुकडे एक एक करून बाजूला ठेवले. करवत टेकवली. लाकूड मऊ होतं, वेळ लागला नाही. कापताना वर फुलं थरथरत होती आणि बाबांच्या टोपीवर, मानेवर पडत होती. ती पडली तेव्हा फार आवाज झाला नाही. फांद्यांना फांद्या अडकून, कुणीतरी धरून निजवल्यासारखी आडवी झाली.

खुंट पांढरा होता. ओला. माझ्या हातात ब्रश होता, ब्रशवर निळा थेंब जमला होता. मला रीत माहीत होती. मला हेही माहीत होतं, की मी नुसता उभा राहिलो, नाक खाजवलं, बाटलीचं झाकण शोधायचं नाटक केलं, तरी पुरे. ती तोंड मिटून घेईल. दोन महिन्यांत इथं पालवी असेल. काही केल्या मरत नाही.

बाबांनी अजून श्वास सोडला नव्हता. तोंड लाल झालं होतं. माझ्यासाठी त्यांनी तो धरून ठेवला होता, नियम मोडू नये म्हणून.

“लाव,” ते धरलेल्या श्वासातूनच म्हणाले.

मी लावलं. पांढऱ्यावर निळं पसरलं, कडेपर्यंत. बाबांनी श्वास सोडला, आणि तो बराच वेळ सुटत राहिला.

त्यांनी उठायला हात मागितला. मी दिला. बाकीच्यांनी फांद्या पोत्यांत भरल्या, एक फूलही खाली राहू न देता, बाबांनीच शिकवलं होतं तसं. घरी येऊन बाबांनी चहा केला आणि पूड न मोजता टाकली. चहा कडू झाला. आम्ही दोघांनी तो पूर्ण प्यायला.

मंडळानं त्यानंतर तो विषय कधी काढला नाही. बाबा प्रमुखच राहिले. पाटी तशीच आहे, साप गेला तरी लोक पाटीपर्यंतच येतात. खळग्याचं काम बाबांच्या एकट्याकडे दिलं आहे, कारण मोठी गेली तरी तिचं बी वाळूत आहे, आणि थोडा ओलावा मिळाला की पिल्लं वर येतात. रविवारी बाबा क्रेटवर बसून आधी नुसते बघतात. मग गुडघ्यांवर उतरून एक एक काढतात, मुळासकट.

“हे बी वाळूत किती वर्षं टिकतं हो, सिस्टर?” ते दर वेळी विचारतात.

“पुष्कळ वर्षं,” सिस्टर सांगतात. “काळजी करू नका.”

“म्हणजे दर वर्षी उगवणार?”

“उगवणार.”

बाबा मान हलवतात, आणि पुढच्या रविवारी परत विचारतात.

पण बाबा कामाला चोख. गेल्या रविवारी मी त्यांना न्यायला खळग्यात गेलो, तर ते अजून गुडघ्यांवर होते आणि पोतं रिकामं होतं. सकाळपासून एकही सापडलं नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून वाळू शोधली. मी चष्मा पुसून पुसून बघितलं. बाबांनी पानं उचलली, घरच्या झुडपांच्या बुडाशी हात घालून चाचपलं. अखेर खुंटाच्या मागं, निळ्याच्या अगदी लगत, एक निघालं. दोन पानांचं.

बाबांनी ते चिमटीत धरलं. बराच वेळ धरून ठेवलं.

“एवढं पुढच्या रविवारी काढू,” मी म्हणालो.

“वाढेल तोपर्यंत,” बाबा म्हणाले, आणि काढलं.